दर हाकेला अख्खा गाव: आकृतीची फाइल एक्सएसएलटीत का रखडते

आकृती म्हटलं की डोळ्यांसमोर येतात चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण. तीच आकृती एक्सएमएल (माहिती टॅगांच्या खुणांत मांडायची मजकुराची पद्धत) म्हणून साठवून साध्या एडिटरमध्ये उघडली तर चित्राचा मागमूस नसतो. दिसते एक लांबलचक यादी, साधारण अशी:

<आकृती>
  <चौकट क्र="१" नाव="मुख्य कार्यालय"/>
  <चौकट क्र="२" वरची="१" नाव="लेखा"/>
  <चौकट क्र="३" वरची="१" नाव="भांडार"/>
  <चौकट क्र="४" वरची="२" नाव="वसुली"/>
  <बाण कुठून="४" कुठे="३"/>
</आकृती>

(एक्सएमएलमध्ये देवनागरी नावं १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून चालतात. वापरत कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.)

‘वसुली’ ही ‘लेखा’च्या हाताखाली आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं? ती आत लिहिलेली नाही. दोघी शेजारी शेजारी, एकाच पातळीवर आहेत. नातं आहे ते फक्त ‘वरची="२"’ एवढ्या चिठ्ठीत. ड्रॉ डॉट आयओ या आकृत्या काढायच्या अ‍ॅपच्या फायली अशाच असतात: चौकट असो वा बाण, सगळ्यांना एमएक्ससेल हेच नाव, आणि कोण कुणाच्या आत, कुठला बाण कुठून कुठे, हे सगळं टॅगमध्ये नाव="मूल्य" असं लिहिलेल्या पेरेंट, सोर्स, टार्गेट या अ‍ॅट्रिब्यूटमधल्या क्रमांकांवर. कार्यप्रवाह काढायचं बीपीएमएन हे प्रमाण घ्या. तिथे बाण आपली दोन टोकं नावानिशी सांगतो, आणि चौकटीचं पानावरचं स्थान तर फाइलच्या दुसऱ्याच भागात, पुन्हा एका संदर्भामागे लपलेलं असतं.

आता एक्सएसएलटीकडे वळू. एका एक्सएमएलचं दुसऱ्या एक्सएमएलमध्ये, एचटीएमएलमध्ये किंवा साध्या मजकुरात रूपांतर करण्यासाठीची ही भाषा १९९९ च्या नोव्हेंबरात प्रमाण झाली. जेम्स क्लार्क तिचे संपादक. तिचा स्वभाव रिकर्शनचा, म्हणजे तेच काम आतल्या प्रत्येक भागावर पुन्हा लावण्याचा. टेम्प्लेट (एका प्रकारच्या घटकाचं काय करायचं तो नियम) एका नोडवर, म्हणजे फाइलमधल्या एका घटकावर, काम करतं, मग आतल्या मुलांना सांगतं, ‘आता तुम्ही आपापलं बघा’. एक्सएमएल खरोखरच एकात एक असेल, पुस्तकात प्रकरण, प्रकरणात परिच्छेद, तर हे फार देखणं चालतं. मुलं हाताशीच असतात, शोधावी लागत नाहीत.

आकृतीत मात्र ती शोधावी लागतात. मग माणूस सहज सुचेल ते लिहितो. चौकटीच्या टेम्प्लेटमध्ये, नाव छापून झाल्यावर, पुढची ओळ:

//चौकट[@वरची = करंट()/@क्र]

(करंट हा शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावा लागतो. इथे वाचायच्या सोयीसाठी असा लिहिला आहे.) अर्थ सरळ आहे: अख्ख्या दस्तऐवजात जा, प्रत्येक चौकटीला विचार ‘तुझी वरची मीच का?’, हो म्हणेल तिला घेऊन ये. उत्तर बरोबर येतं. रिकर्शन खाली जातं, झाड उभं राहतं, चार चौकटींच्या चाचणीत सगळे खूश.

किंमत काय पडली ते बघा. सुरुवातीच्या त्या दोन तिरक्या रेघा म्हणजे गावात दवंडी. एका चौकटीची मुलं शोधायला सगळ्या चौकटींची दारं ठोठावली. त्या मुलाची मुलं शोधायला पुन्हा सगळा गाव पालथा. ५० चौकटी असतील तर ५० गुणिले ५०, म्हणजे २,५०० तपासण्या. कुणाला कळतही नाही. ६,००० चौकटी असतील तर ३ कोटी ६० लाख. आकृती दुप्पट मोठी झाली की काम चौपट होतं, आणि इथेच सगळे फसतात. चाचणीची फाइल छोटी असते. खरी फाइल ग्राहकाकडून येते, रात्री काम लावून आपण घरी जातो, सकाळी येऊन बघतो तर पंखा अजून घरघरतोय. माझं असं झालं आहे, आणि तेव्हा मीही इतरांसारखाच निष्कर्ष काढला होता: एक्सएसएलटी हळू आहे, पायथनमध्ये लिहून टाकू.

लिहून टाकलंही असतं. पण पायथनमध्ये हीच एकात एक दोन लूप घातली असती, तर तपासण्या तेवढ्याच झाल्या असत्या. पायथनमध्ये आपण तसं करत नाही, कारण तिथे डिक्शनरी (नावावरून थेट नोंद देणारी यादी) वापरायची सवय हाताला असते. एक्सएसएलटीतही ती सोय पहिल्या दिवसापासून आहे. नाव तेवढं वेगळं.

तिला एक्सएसएलटीत ‘की’ म्हणतात. मराठी वाक्यात हा शब्द भलता घोळ घालतो, म्हणून यापुढे मी किल्ली म्हणेन (कोडमध्ये मात्र रोमन लिपीत key असंच टंकायचं). स्टाइलशीटच्या (सगळी टेम्प्लेटं जिच्यात असतात त्या फाइलच्या) वरच्या पातळीवर, कुठल्याही टेम्प्लेटच्या बाहेर, तिची घोषणा करायची. घोषणेत तीन गोष्टी: किल्लीचं नाव (‘मुलं’ म्हणू), कुणाची नोंद ठेवायची (चौकट), आणि कशाखाली ठेवायची (@वरची). मग टेम्प्लेटमधली ती दवंडी काढून टाकायची आणि लिहायचं:

किल्ली('मुलं', @क्र)

बस. त्र्यंबकेश्वरला गेलेल्यांनी तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या पाहिल्या असतील. तुम्ही आडनाव आणि गाव सांगता. गुरुजी पहिल्या पानापासून वाचत सुटत नाहीत, नेमकी वही काढतात. वह्या लावून ठेवायचे कष्ट कुणीतरी एकदाच घेतलेले असतात. प्रोसेसरही, म्हणजे स्टाइलशीट चालवणारा प्रोग्रॅमही, तेच करतो. किल्लीची पहिल्यांदा गरज पडली की बहुतेक प्रोसेसर दस्तऐवजावरून एकदा फिरून इंडेक्स बांधतात, आणि पुढच्या प्रत्येक हाकेला थेट तिथून उत्तर देतात. ६,००० चौकटींसाठी एक फेरी आणि ६,००० थेट शोध. कोटींचा हिशेब हजारांवर आला. इंडेक्ससाठी थोडी मेमरी जाते, पण आकृतीच्या फाइलसाठी ती मला कधीच अडचण वाटलेली नाही.

किल्ल्या हव्या तेवढ्या करता येतात. बाणांसाठी मी नेहमी दोन ठेवतो, एक ‘कुठून’वर आणि एक ‘कुठे’वर, कारण कधी पुढे जायचं असतं तर कधी उलट मागे. शिवाय क्रमांकावरून चौकट देणारी एक. बीपीएमएनमध्ये स्थानासाठी आणखी एक.

सॅक्सन या प्रोसेसरची पैसे देऊन घ्यायची आवृत्ती अशी दवंडी ओळखून बऱ्याचदा स्वतःच आतल्या आत इंडेक्स करते. पण त्या भरवशावर लिहू नये. उद्या तेच स्टाइलशीट फुकट आवृत्तीवर चालवलं की जुनं दुखणं परत.

किल्लीचे स्वतःचे खड्डे आहेत, आणि त्यातला सगळ्यात वाईट गुण असा की चूक झाली तर ती बहुधा ओरडत नाही, गुपचूप रिकामा हात पुढे करते.

पहिला खड्डा दस्तऐवजाचा. किल्ली शोधते ती सध्याचा नोड ज्या दस्तऐवजातला आहे त्यातच. तुम्ही दुसरी फाइल उघडून तिच्यातल्या नोडवर फिरत असाल आणि तिथून पहिल्या फाइलमधली चौकट मागितली, तर काही मिळणार नाही. एक्सएसएलटीच्या जुन्या १.० आवृत्तीत आधी मूळ फाइलच्या नोडवर उडी मारून मग किल्ली लावावी लागते. २००७ च्या २.० पासून किल्लीला तिसरं अर्ग्युमेंट (कंसात द्यायची आणखी एक गोष्ट) देता येतं: ‘अमुक नोडच्या आतच शोध’.

दुसरा खड्डा प्रकाराचा. २.० पासून तुलना करताना प्रकार बघितला जातो. इंडेक्समध्ये "७" हा मजकूर आहे आणि तुम्ही ७ ही संख्या घेऊन गेलात, तर दार उघडत नाही. संख्येचं आधी मजकुरात रूपांतर करायचं. क्रमांकाच्या मागे चुकून एक रिकामी जागा राहिली असेल तरी हाच प्रकार. ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून अर्धा दिवस खाते.

तिसरा खास ड्रॉ डॉट आयओवाल्यांसाठी. एका फाइलमध्ये अनेक पानं असू शकतात, आणि बहुतेक वेळा प्रत्येक पानावर मुळाचा क्रमांक "0" आणि पहिल्या थराचा "1" असतो. म्हणजे ‘एकची मुलं दे’ म्हटलं की सगळ्या पानांवरची मुलं एकत्र येतात, आणि विक्री विभागाच्या आकृतीत गोदामाचे ट्रक उगवतात. दवंडीतही ही चूक होतीच, पण तेव्हा आपण इतके वेळेच्या मागे असतो की दिसत नाही. उपाय दोन. पानाचा आयडी आणि पेरेंटचा क्रमांक मधे एक उभी रेघ घालून जोडायचा आणि त्या जोडनावावर किल्ली करायची, किंवा २.० असेल तर ते तिसरं अर्ग्युमेंट म्हणून पानाचा नोड द्यायचा.

आयडी नावाचं एक तयार फंक्शन एक्सपाथमध्ये (एक्सएसएलटीत नोड शोधायच्या भाषेत) आहे, त्याचा मोह अनेकांना होतो. ते चालण्यासाठी कुठलं अ‍ॅट्रिब्यूट आयडी आहे हे सहसा डीटीडीत (फाइलच्या रचनेच्या नियमांत) जाहीर केलेलं असावं लागतं. आकृतीच्या फायलींना डीटीडी क्वचितच असतो. त्या नादाला लागू नका.

इथपर्यंतचं दुखणं सोपं होतं, एक ओळ बदलली की बरं. पण कधी कधी किल्ली लावूनही स्टाइलशीट लटकतं, आणि तेव्हा रोग वेगळा असतो.

संस्थेच्या रचनेत प्रत्येक चौकटीची वरची एकच. कार्यप्रवाहात तसं नसतं. अर्ज येतो, रक्कम लहान की मोठी असा फाटा फुटतो, दोन वेगळ्या वाटा होतात, आणि पुढच्या टप्प्यावर त्या पुन्हा एकत्र मिळतात. मग दुसरा फाटा, पुन्हा मिलाफ. आता ‘या चौकटीनंतर काय काय येतं’ हे विचारणारं साधं रिकर्सिव्ह टेम्प्लेट लिहा. ते चौकटीतून निघणाऱ्या प्रत्येक बाणावरून पुढे जातं. पहिल्या मिलाफावर ते दोनदा पोचतं, एकदा प्रत्येक वाटेने. तिथून पुढचं सगळं दोनदा चालतं. दुसऱ्या मिलाफावर चारदा, तिसऱ्यावर आठदा.

असे २० फाटे ओळीने घ्या. प्रत्येकात निर्णयाची एक चौकट आणि दोन वाटांच्या दोन, शेवटी एक. एकूण ६१ चौकटी. एका ए-४ कागदावर मावेल एवढी आकृती. पण शेवटच्या चौकटीवर टेम्प्लेट १०,४८,५७६ वेळा पोचतं, आणि सगळ्या भेटी मोजल्या तर ४० लाखांवर जातात. फाटे ३० केले तर शेवटच्या चौकटीवरच्या भेटी १०७ कोटींच्या पुढे. इथे शोध कितीही झटपट झाला तरी उपयोग नाही. शोधच कोट्यवधी आहेत.

दुसऱ्या बहुतेक भाषांत आपण चौकटीवर खडूने खूण केली असती: ‘इथे येऊन गेलो’. एक्सएसएलटीत ते जमत नाही. तिथे व्हेरिएबल एकदा ठरलं की ठरलं. नाव ‘चल’, पण जागचं हलत नाही. नव्याने येणारा प्रत्येक जण या भिंतीवर डोकं आपटतो, आणि बरेच जण इथूनच परत फिरतात.

वाट आहे, आणि मला ती या भाषेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. एकेक चौकट घेऊन खोल उतरायचं सोडा आणि एकेक पातळी घेऊन पुढे सरका. टेम्प्लेटला दोन गोष्टी द्यायच्या: ‘सीमा’, म्हणजे आत्ता ज्या चौकटींवर आपण उभे आहोत तो संच, आणि ‘झालेले’, म्हणजे आजवर पाहून झालेल्या सगळ्या. पुढची सीमा अशी निघते:

किल्ली('चौकट', किल्ली('बाण-कुठून', $सीमा/@क्र)/@कुठे) एक्सेप्ट $झालेले

आतून बाहेर वाचा. सीमेवरच्या सगळ्या चौकटींचे क्रमांक घ्या, त्यांतून निघणारे सगळे बाण एका हाकेत आणा, त्या बाणांची टोकं बघा, त्या क्रमांकांच्या चौकटी आणा, आणि त्यांतून आधी पाहिलेल्या वगळा. गंमत इथे आहे: किल्लीला एका क्रमांकाऐवजी क्रमांकांचा अख्खा गठ्ठा देता येतो, १.० मध्येसुद्धा, आणि परत येणाऱ्या संचात एक नोड एकदाच येतो. दोन वाटा एका मिलाफावर आल्या तरी मिलाफाची चौकट संचात एकच. खूण करायची गरजच पडत नाही; संचाचा नियमच ते काम करतो. त्या ६१ चौकटींच्या आकृतीत चाळीस लाखांहून जास्त भेटींऐवजी ४१ पातळ्या, ४१ हाका.

एक्सेप्ट ही सोय २.० पासूनची. १.० मध्ये तेच काम संख्या मोजून करतात: एखादी चौकट ‘झालेले’मध्ये मिसळून बघायची, संख्या वाढली नाही तर ती आधीच आत होती. ओबडधोबड आहे आणि ‘झालेले’ फुगत गेलं की महागही पडतं, पण फाट्यांच्या हिशेबापुढे किरकोळ.

‘झालेले’ची गरज आणखी एका कारणासाठी आहे. खऱ्या कार्यप्रवाहात ‘त्रुटी असल्यास परत पाठवा’ असा मागे जाणारा एक तरी बाण असतोच. सरकारी कामाचा असेल तर पाच. तिथे साधं रिकर्शन गोल गोल फिरत राहतं. लिबएक्सएसएलटी या लायब्ररीवर चालणारं एक्सएसएलटीप्रॉक ३,००० पातळ्या खोल गेलं की काम थांबवतं आणि सांगतं की रिकर्शन अनंत असावं, हवं तर मॅक्सडेप्थ वाढवा. लोक मॅक्सडेप्थ वाढवतात. कृपा करून आधी आकृतीत चक्र आहे का ते बघा.

चक्र नसतानाही ही मर्यादा लागू शकते, म्हणजे एकापुढे एक अशी ४,००० चौकटींची सरळ साखळी असेल किंवा यादीतला पहिला घटक काढून उरलेल्यांवर पुन्हा तेच टेम्प्लेट चालवण्याची सवय असेल तर. यादीसाठी उपाय म्हणजे ती निम्मी निम्मी करत जाणं: ४,००० घटकांना सुमारे १२ पातळ्या पुरतात.

चौकट आकृतीच्या कितव्या ओळीत काढायची, हे ठरवताना मात्र पातळीची युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण ती जवळच्या वाटेचं अंतर देते आणि मांडणीला बहुधा लांबच्या वाटेचं लागतं. २०१७ च्या ३.० मध्ये फंक्शनला ‘कॅश’ असं सांगता येतं, म्हणजे त्याच चौकटीसाठी आधी काढलेलं उत्तर जपून ठेवायची प्रोसेसरला मुभा मिळते. चक्र नसलेल्या आकृतीत ओळ मोजायला हे बरं.

एक चोरखर्च राहिला. व्हेरिएबल भरायच्या दोन पद्धती आहेत. सिलेक्ट या अ‍ॅट्रिब्यूटने दिलं तर ते मूळ नोडांकडे फक्त बोट दाखवतं. टॅगच्या पोटात कॉपी करून भरलं तर खरोखर नवी प्रत तयार होते, आणि रिकर्शनच्या प्रत्येक पातळीला ती पुन्हा होते. शिवाय ती प्रत म्हणजे वेगळा दस्तऐवज, म्हणजे वरचा पहिला खड्डा: किल्ली तिच्यातच शोधत बसते आणि रिकाम्या हाताने परत येते. वेग आणि बरोबर उत्तर, दोन्ही एका ओळीत घालवायची ही हमखास रीत.

आता हे सगळं कळलं म्हणून दिसेल त्या टेम्प्लेटला हात लावायचा नाही. एक्सएसएलटीप्रॉकला प्रोफाइलचा पर्याय द्या. काम संपल्यावर ते एक तक्ता छापतं: कुठलं टेम्प्लेट किती वेळा बोलावलं आणि त्यात एकूण किती वेळ गेला. सॅक्सनमध्ये असाच अहवाल एचटीएमएल पानात मिळतो. मी आधी हाकांचा स्तंभ बघतो. चौकटी ६,००० आणि हाका ६,००० च्या आसपास, तरी वेळ भरमसाट, तर दवंडी आहे, किल्ली लावा. चौकटी ६१ आणि हाका लाखांत, तर फाट्यांचा प्रकार, पातळीने चला. हा एक आकडा बघून मी कितीदा तरी चुकीच्या दिशेला लागण्यापासून वाचलो आहे.

बदल केल्यावर एका लहान आकृतीवर जुन्या आणि नव्या स्टाइलशीटचं आउटपुट काढून डिफ करून (दोन फायलींतला फरक काढून) बघा. दवंडीच्या जागी फक्त किल्ली आली असेल तर एका अक्षराचाही फरक पडता कामा नये, कारण दोन्ही नोडांना मूळ फाइलमधल्या क्रमानेच देतात. फरक दिसला तर खड्डा एक ते तीन पुन्हा तपासा. पातळीने चालायला लागला असाल तर मात्र ओळींची अदलाबदल होणारच: आधी एक वाट शेवटपर्यंत छापली जायची, आता सगळ्या वाटांची पहिली पायरी, मग सगळ्यांची दुसरी. पुढच्या कुणाला जुना क्रमच हवा असेल तर पातळीने फक्त चौकटींचा संच गोळा करा आणि छपाई शेवटी वेगळ्या टेम्प्लेटमधून, हव्या त्या क्रमाने लावून करा.